आधी रान बघ, मग देश: सिव्हिलायझेशन ६ ची सुरुवात

शहरं वसवत देश वाढवायच्या सिव्हिलायझेशन ६ या कॉम्प्युटर खेळाबद्दल नांदेडकडच्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं विचारलंय: "काका, सिव्हिलायझेशन ६ मध्ये प्रत्येक देशासाठी सुरुवातीचा बिल्ड ऑर्डर, म्हणजे काय आधी बांधायचं तो क्रम, वेगळा असतो का? असेल तर यादी द्या. मी रोम, भारत, सिथिया तिन्ही घेऊन एम्परर या अवघड पायरीवर खेळलो. दर वेळी मॉन्युमेंट, बिल्डर, स्टोनहेंज याच क्रमानं जातो. साठाव्या टर्नला माझी दोन शहरं असतात आणि कॉम्प्युटरची सहा. माझं चुकतंय कुठे? आणि जागा वाईट मिळाली तर रीस्टार्ट करावं का?"

काका म्हणालास म्हणून एकेरीतच बोलतो. माझं जालन्यात बी-बियाण्याचं दुकान आहे. हा भाग २०१६ च्या ऑक्टोबरात आला तेव्हापासून खेळतोय, त्याआधी पाचवा भाग खेळायचो. दुकानात मे-जूनमध्ये रोज पन्नास माणसं येतात आणि तुझ्यासारखाच प्रश्न विचारतात: "शेठ, यंदा कोणती व्हरायटी लावू?" मी आधी विचारतो, रान कसं आहे, काळं का मुरमाड, विहिरीला पाणी कुठवर टिकतं? बियाण्याचं नाव त्यानंतर. तुझ्या प्रश्नातही देशाचं नाव दुसऱ्या नंबरवर येतं. यादी देतो, पण तुझी दोन शहरं राहण्याचं कारण यादी नसणं हे नाही. त्याचा हिशोब आधी करू.

प्रॉडक्शन म्हणजे शहराची बांधायची ताकद. संस्कृती देणारं मॉन्युमेंट ६० प्रॉडक्शनचं, शेत-खाण करणारा बिल्डर ५० चा, जगात एकदाच बांधता येणारं स्टोनहेंज १८० चं. झाले २९०. सुरुवातीला राजधानी टर्नला पाच-सहा प्रॉडक्शन देते. म्हणजे पहिले जवळपास पन्नास टर्न तू या तीन गोष्टींत घातलेस आणि त्यातून एकही नवं शहर उभं राहिलं नाही. त्याच २९० मध्ये नकाशा फिरणारा एक स्काउट (३०), गोफणवाला एक स्लिंगर (३५) आणि नवं शहर बसवणारे दोन सेटलर निघतात, वर थोडं उरतंही. पहिला सेटलर ८० चा, पुढचा त्याहून महाग, कारण प्रत्येक सेटलरमागे भाव चढत जातो. स्टोनहेंज म्हणजे जवळपास दोन सेटलर. त्यात एम्पररवर ते कॉम्प्युटर तुझ्याआधी बांधून मोकळा होण्याची शक्यता चांगलीच. मग हातात भरपाई म्हणून थोडं प्रॉडक्शन येतं आणि तोंडात शिवी.

आणि एक गंमत. रोम घेतल्यावर मॉन्युमेंट बांधावंच लागत नाही, त्यांचा नेता ट्रेजन, त्याच्या प्रत्येक नव्या शहरात ते फुकट येतं. म्हणजे रोम घेतलास तेव्हा तुझा क्रम आपोआपच बदललेला होता, पण वाचलेले ६० प्रॉडक्शन सेटलरकडे न जाता स्टोनहेंजकडे गेले. एवढ्यावरून मला कळलं की तू देशाच्या नावाखालची माहिती वाचतोस, पण तिचा हिशोब मांडत नाहीस.

आता रान. पहिल्या टर्नला सेटलर जिथे उभा आहे तिथेच शहर बसवायचं का, हे ठरवताना मी दोनच गोष्टी बघतो. एक, गोडं पाणी. नदी किंवा तळ्याला लागून शहर बसवलं तर राहण्याची जागा ५, नुसत्या समुद्रकाठी ३, कोरड्यात २. ही मर्यादा जवळ आली की लोकसंख्या वाढायची मंदावते, म्हणजे कोरड्यातलं शहर जन्मतःच रडत बसतं. दुसरी, प्लेन्सची टेकडी. तिच्यावर शहर बसवलं की मधल्या टाइलला २ अन्न, २ प्रॉडक्शन मिळतं. सपाटीवर प्रॉडक्शन १ च. एकानं काय फरक पडतो म्हणशील, पण सुरुवातीला एकूणच पाच-सहा असतं तिथे एक म्हणजे पाचवा-सहावा हिस्सा झाला. नदीकाठची टेकडी एका टर्नच्या चालीवर दिसत असेल तर मी डोळे झाकून जातो. दोन टर्न लागत असतील तर विचार करतो. तीन लागत असतील तर आहे तिथेच बसवतो.

त्यानंतर बहुतेक वेळा पहिला स्काउट. कारण साधं आहे: शहराची लोकसंख्या २ झाल्याशिवाय सेटलर घेताच येत नाही, आणि बाहेर पडताना तो एक माणूस घेऊन जातो. १ वरून २ होईपर्यंत शहराला काहीतरी काम द्यायचंच आहे, तर ३० चा स्काउट त्या सापटीत बरोबर बसतो. दुसरा स्लिंगर. त्यानं एखादा रानटी मारला की आर्चरीचं युरेका मिळतं, म्हणजे त्या शोधाचा ४० टक्के खर्च फुकट. तिसरा सेटलर, मग बिल्डर, मग पुन्हा सेटलर. मॉन्युमेंट यांच्यात कुठेतरी घुसवायचं. संस्कृतीच्या बाजूनं कोड ऑफ लॉज, मग फॉरेन ट्रेड, मग अर्ली एम्पायर. अर्ली एम्पायरला कॉलोनायझेशनचं धोरण-कार्ड मिळतं आणि सेटलरच्या प्रॉडक्शनला ५० टक्के बढती. एकूण लोकसंख्या ६ झाली की त्याचं इन्स्पिरेशनही (संस्कृतीच्या बाजूचं युरेका) मिळतं. कार्ड येण्याआधी एक सेटलर काढून घ्यायचा, बाकीचे कार्डावर ठेवायचे. कार्ड असताना स्टोनहेंजसारखं काही बांधायला घेणं म्हणजे सबसिडीच्या महिन्यात नेमकं दुकान बंद ठेवणं.

रानटी लोकांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण एम्पररवर नवी पोरं हरतात ती इथे. सगळ्यांत आधी येतो त्यांचा स्काउट. त्यानं तुझं शहर पाहिलं की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसतं आणि तो तळाकडे परत निघतो. तो पोचला की तिथून टोळी निघते. त्याला मागून पकडता येत नाही, त्याची चाल ३, तुझ्या वॉरियरची २. म्हणून मी वॉरियरला दूर फिरायला पाठवत नाही. राजधानीपासून तीन-चार टाइलच्या घेऱ्यात ठेवतो आणि रानट्यांचा स्काउट दिसला की तो परत जाईल ती वाट आधीच अडवतो. मागे एकदा मेक्सिकोच्या, म्हणजे अझ्टेकच्या डावात हे केलं नाही. तिसरा सेटलर एकटाच पाठवला होता, ठरलेली जागा एक टाइलवर होती. झाडीतून रानटी घोडेस्वार आला आणि सेटलर घेऊन गेला. पंधरा-सोळा टर्नचं काम पाहता पाहता शेजाऱ्याच्या गोठ्यात. तेव्हापासून सेटलरसोबत स्लिंगर चालतोच चालतो, दोन टर्न उशीर झाला तरी चालेल.

एवढं बहुतेक देशांना सारखं. आता तुझी यादी. मी देश असे लावतो: याची ताकद कितव्या टर्नला हातात येते? ती लवकर येत असेल तर लवकर खर्चायची. उशिरा येत असेल तर तोवर शहरं वाढवायची आणि मार खायचा नाही. मधल्यांनाच खरं डोकं लागतं.

पहिल्याच टर्नला ताकद हातात असलेला देश म्हणजे सुमेर. त्यांचा वॉर-कार्ट ५५ प्रॉडक्शनचा, त्याला कोणताही शोध लागत नाही आणि ताकद ३०. साध्या वॉरियरची २०. आम्ही रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत हॉटसीटवर बसतो, एक लॅपटॉप, तीन खुर्च्या, इन्व्हर्टरवर. एकदा माझ्या भाच्यानं सुमेर घेतलं, मी जर्मनी. मी निवांत बिल्डर काढत बसलो होतो, घरात एकच वॉरियर. चहाचे कप धुऊन परत येईपर्यंत त्याचे तीन वॉर-कार्ट माझ्या राजधानीभोवती उभे. माझं एकच शहर होतं, ते गेलं आणि डाव संपला. उरलेली दुपार मी भजी तळत बसलो. हे त्याला जमलं कारण भिंती नव्हत्या. भिंत उभी राहिली की असल्या वेगवान युनिट्सचा शहरावर काही उपयोग उरत नाही. म्हणून सुमेर घेतलंस आणि दहा-बारा टाइलवर शेजारी सापडला तर स्काउटनंतर सलग वॉर-कार्ट, आणि शेजाऱ्यानं मॅसनरी, म्हणजे भिंतींचा शोध, करायच्या आत काम उरकायचं. शेजारी दूर असेल तर हट्ट करू नकोस. तेच वॉर-कार्ट रानट्यांच्या तळांवर सोड. नकाशावरच्या आदिवासी गावात शिरल्यावर जसं बक्षीस मिळतं, तसं सुमेरला तळ मोडल्यावरही मिळतं. नदीकाठ असेल तर बिल्डर लवकर काढ, कारण झिगुरातही सुरुवातीपासून बांधता येतो: २ विज्ञान, आणि नदीला लागून असेल तर १ संस्कृती. टेकडीवर तो बांधता येत नाही.

डीटीवर, म्हणजे सगळ्यांत वरच्या पायरीवर, हा हल्ला करताना जपून. तिथे कॉम्प्युटर तीन सेटलर घेऊन सुरुवात करतो आणि पहाऱ्याला वॉरियरही जास्तीचे असतात. तू एम्पररवर आहेस, तुझ्यासाठी खिडकी उघडी आहे.

रोमला थोडक्यात. मॉन्युमेंट फुकट म्हणजे संस्कृती लवकर, संस्कृती लवकर म्हणजे कॉलोनायझेशनचं कार्ड लवकर, कार्ड लवकर म्हणजे शहरं लवकर, आणि त्या प्रत्येक शहरात पुन्हा मॉन्युमेंट फुकट. हे चक्र फिरवायचं एवढंच. सहा शहरं होईपर्यंत स्टोनहेंजसारखा कसलाही वंडर बघायचा नाही. मग लोखंडाची खाण खोदून आयर्न वर्किंगचं युरेका घ्यायचं आणि लीजन, म्हणजे रोमचं खास पायदळ, काढायचे. आगोगेचं कार्ड लावलं की त्यांच्या प्रॉडक्शनला ५० टक्के बढती. लोखंड हद्दीत नसेल तर पुढचं शहर लोखंडावरच बसव.

सिथियात तुझी अडचण पैशाची झाली असणार, बरोबर? एक घोडेस्वार बांधला की दुसरा फुकट, म्हणून पोरं आठ-दहा काढतात. पण दोघांचाही पगार दर टर्नला द्यावा लागतो. तिजोरी उणे गेली की युनिट्स आपोआप मोडायला लागतात. सिथियाची सुरुवात अ‍ॅनिमल हजबंड्रीनं करायची, घोडे, गुरं किंवा मेंढरं असलेल्या टाइलवर पाश्चर बांधून हॉर्सबॅक रायडिंगचं युरेका घ्यायचं, मिलिटरी ट्रॅडिशनमधून घोडदळाच्या प्रॉडक्शनचं मनूव्हर कार्ड लावायचं आणि मग एकदमच घोडेस्वार काढायचे. चार-सहा पुरेत. काढले की त्याच टर्नला सीमेकडे निघायचं, त्यांना राजधानीत फुकटचा चारा घालायचा नाही. इथेही भिंतींचीच शर्यत आहे. घोडेस्वार हद्दीवर पोचेपर्यंत समोरच्या शहरावर भिंत दिसली तर ते शहर सोड, पुढचं बघ.

भारतावर जरा जास्त बोलतो, कारण आपली पोरं तो प्रेमानं घेतात आणि तोच सर्वांत वाईट खेळतात. आधी गांधी घेतलास की चंद्रगुप्त, हे तू लिहिलंच नाहीस. दोघांच्या सुरुवातीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गांधी घेतला की सगळे होली साइट आणि स्टोनहेंजकडे धावतात, धर्म स्थापायला. पण सत्याग्रहाची, म्हणजे गांधीच्या खास ताकदीची, अट वाच: ज्यांनी धर्म स्थापलाय आणि ज्यांच्याशी तुझी लढाई नाही अशा, तुला भेटलेल्या प्रत्येक देशामागे ५ फेथ (धर्माचं चलन). भेटलेल्या. तुझ्या पहिल्या साठ टर्नांतलं सगळ्यात किमती बांधकाम स्टोनहेंज नव्हतं, दुसरा स्काउट होता. चार-पाच देश लवकर भेटले आणि त्यांनी धर्म स्थापले की होली साइटमध्ये एक पैसाही न घालता फेथ वाहत येतं. त्यात भारताच्या शहरात कोणत्याही धर्माचा एकेक अनुयायी असला तरी त्या धर्माच्या अनुयायांना मिळणारा फायदा लागू होतो. दुसऱ्यांचे मिशनरी आले की लोक घाबरतात, तू गांधी असशील तर दारात रांगोळी काढ. म्हणून गांधी: स्काउट, स्काउट, स्लिंगर, सेटलर. जगात सगळी जमीन एकसंध असेल तरच हे जमतं. बेटांच्या नकाशावर भेटीच होत नाहीत, तिथे गांधी मी घेतच नाही.

चंद्रगुप्ताचं उलट. त्याला शेजारी जवळ हवा. मिलिटरी ट्रेनिंग मिळाल्यावर त्याला विस्ताराचं युद्ध पुकारता येतं आणि पहिले दहा टर्न सैन्याची चाल २ नं आणि ताकद ५ नं वाढते. सोबत वरू हत्ती. हॉर्सबॅक रायडिंगला मिळतात, घोडे नसले तरी बनतात, ताकद ४० आणि शेजारच्या टाइलवरच्या शत्रूची ताकद ५ नं खाली. वाईट एवढंच की हत्ती हळू चालतात, आणि ते दहा टर्न नेमकं तेच दुखणं काढून टाकतात. म्हणून क्रम असा: तीन शहरं, एक छावणी (ती बांधली की मिलिटरी ट्रेनिंगचं इन्स्पिरेशन), चार हत्ती सीमेवर, मग युद्ध. बहुतेक जण आधी युद्ध पुकारतात आणि मग हत्ती काढतात. दहापैकी सात टर्न वाटेतच जातात.

दोघांनाही स्टेपवेल आहे, आपली बारव. पॉटरीनंतर इरिगेशन केलं की मिळते. १ अन्न, १ घर, शेजारी शेत असेल तर आणखी १ अन्न, होली साइट असेल तर १ फेथ. टेकडीवर होत नाही, बारवेला लागून बारव होत नाही. कोरड्यात बसवावं लागलेलं शहर भारतालाच परवडतं ते हिच्यामुळे. गॅदरिंग स्टॉर्म हा जोडभाग घेतलेला असेल तर दुष्काळात स्टेपवेलच्या टाइलचं अन्नही जात नाही. परभणी जिल्ह्यात वालूरची चक्राकार बारव पाहिली असशील, नसशील तर जाऊन ये, नांदेडहून फार लांब नाही. खेळातलं खरं झालं असतं तर ज्या वर्षी हा भाग आला त्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं नसतं. असो.

आता उशिरा फुलणारे. जर्मनीचा हान्सा, म्हणजे शहराभोवती बांधायचा त्यांचा कारखानदारीचा डिस्ट्रिक्ट (विभाग), अ‍ॅप्रेंटिसशिपला येतो, म्हणजे मध्ययुगात. तोवर जर्मनीकडे सिटी-स्टेटवर (एका शहराच्या छोट्या देशांवर) हल्ल्याला ७ ची बढती, एक जास्तीचं मिलिटरी कार्ड आणि प्रत्येक शहरात लोकसंख्येच्या मर्यादेपेक्षा एक जास्तीचा डिस्ट्रिक्ट एवढंच. सुरुवात साधीच, वर सांगितली तीच, फक्त डिस्ट्रिक्टच्या जागा आधीच आखून ठेव, म्हणजे पुढे हान्सा आणि कमर्शियल हब एकमेकांना लागून बसतील. कोरियाला मात्र वाट बघावी लागत नाही. त्यांचा सोवोन हा विद्येचा डिस्ट्रिक्ट रायटिंगला मिळतो आणि सरळ ४ विज्ञान देतो, अट एकच की टेकडीवर हवा आणि शेजारी दुसरा डिस्ट्रिक्ट नको. दुसऱ्या कुठल्या देशाची भेट झाली की रायटिंगचं युरेका मिळतं, म्हणून इथेही स्काउट आधी. सेटलर पाठवताना शहराच्या आत एक मोकळी टेकडी येते का, तेवढं बघायचं. माया घेतलीस तर सगळी शहरं राजधानीपासून सहा टाइलच्या आत, कारण बाहेरच्या शहरांचं उत्पन्न कापलं जातं. मालीला खाणीतून प्रॉडक्शन कमी आणि सोनं जास्त, म्हणून तिथे मी सेटलर बांधण्यापेक्षा विकत घेतो आणि वाळवंट शोधतो. बाकीचे देश तू याच प्रश्नानं तपास: ताकद कितव्या टर्नला आणि कशावर अवलंबून, जमिनीवर, शेजाऱ्यावर की शोधावर.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर सोडावी लागते. वीसेक टर्न झाले, स्काउट फिरून आला, की थांबून बघायचं. चार टाइलवर शेजारी निघाला तर रोमनंही सेटलर थांबवून दोन-तीन आर्चर काढावेत. कुठेच कुणी नसेल तर सुमेरनंही वॉर-कार्ट बंद करून शहरं वाढवावीत. आमच्याकडे कृषी खातं दरवर्षी सांगतं, पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. लोक मृगाचा पहिला शिडकावा झाला की पेरतात आणि जुलैत दुबार पेरणीचं बियाणं न्यायला माझ्याकडेच येतात. धंदा माझा होतो, पण बघवत नाही. स्काउटनं शेजार दाखवण्याआधी सगळा क्रम ठरवून टाकणं याच जातीचं.

तू शेवटी रीस्टार्टचंही विचारलंस: जागा वाईट मिळाली तर पुन्हा सुरू करावं का? शिकत असशील तर नको. कोरड्या पठारावर दोनदा हरलास की पाण्याची किंमत कळते. पण रोम घेऊन बर्फात आणि भारत घेऊन बेटावर पडलास तर मीही रीस्टार्ट मारतो, त्यात लाज नाही.

पुढच्या डावात चंद्रगुप्त घे, एम्परर, पँजिया नकाशा, म्हणजे सगळी जमीन एकसंध. तिसाव्या टर्नला सेव्ह करून इथेच टाक. त्यात मॉन्युमेंट नसलं तरी चालेल. दुसरं शहर आणि तिसरा सेटलर वाटेत नसेल तर मात्र मी तो उघडणार नाही.